रिकाम्या टाकीचा तोल

विमान कक्षेतून परत येत असतं. टाक्या जवळजवळ कोरड्या. सत्तर किलोमीटर उंचीवर हवेचा पहिला विरळ थर लागतो, थोड्या वेळाने नाक तांबूस पेटतं. तीस किलोमीटरपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि मग एका क्षणात शेपूट पुढे येते. इंजिनं पुढे, नाक मागे, अशा अवस्थेत विमान कोसळू लागतं. कितीही कळा दाबल्या तरी ते सरळ होत नाही. तासाभरापूर्वी हेच विमान धावपट्टीवरून अगदी सरळ उडालं होतं. मधल्या काळात त्याचा एकही भाग तुटलेला नाही. फक्त इंधन संपलं आहे.

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या संगणकीय खेळात अंतराळविमान बांधायला बसलेल्या अनेकांच्या वाट्याला हा अपघात येतो. तो का होतो हे समजून घेणं म्हणजे विमानविद्येतला एक मूलभूत धडा शिकणं. खऱ्या अभियंत्यांनाही याच प्रश्नाने वर्षानुवर्षं छळलं आहे.

हा खेळ तयार झाला मेक्सिको सिटीत, स्क्वॉड नावाच्या कंपनीत. तिचा मूळ व्यवसाय जाहिरात आणि मार्केटिंगचा, गेम बनवण्याचा तिला अनुभव नव्हता. तिथे काम करणारा फेलिपे फालांगे हा ब्राझिलियन तरुण किशोरवयात चांदीच्या कागदाची छोटी माणसं करून फटाक्यांच्या बाणांना बांधायचा आणि उडवायचा. त्या माणसांना त्याने ‘कर्बल’ असं नाव दिलं होतं. त्या खेळण्यातून पुढे जून २०११मध्ये गेमची पहिली सार्वजनिक आवृत्ती आली आणि २७ एप्रिल २०१५ला पूर्ण आवृत्ती. हिरव्या, मोठ्या डोळ्यांच्या कर्बल मंडळींचा एक ग्रह आहे, कर्बिन. खेळणाऱ्याने सुटे भाग जोडून यान बांधायचं आणि ते तिथून उडवायचं. भाग कल्पनेतले असले तरी कक्षेचं गणित खरं आहे. अमेरिकेच्या नासाने २०१४मध्ये आणि युरोपीय अंतराळ संस्थेने २०२०मध्ये आपल्या मोहिमांवर आधारलेली भर घालण्यासाठी या गेमला सहकार्य केलं, यातच त्याची योग्यता दिसते.

रॉकेट बांधणं त्यात तुलनेने सोपं. टाकीवर टाकी रचावी, खाली इंजिन लावावं, इंधन संपलं की टप्पा टाकून द्यावा. पण गेमच्या ‘करिअर’ प्रकारात पैशांचा हिशेब असतो आणि तिथे टाकून दिलेला टप्पा म्हणजे बुडालेला पैसा. विमान पुन्हा धावपट्टीवर उतरलं तर त्याच्या भागांची किंमत शंभर टक्के परत मिळते. अंतराळ केंद्रापासून जितकं लांब उतरावं तितकी ती घटते. रॅपिअर नावाच्या इंजिनाची किंमत आहे ६,००० आणि द्रव इंधनाच्या एका एककाची ०.८. दोन रॅपिअरचं विमान ८०० एककं जाळून कक्षेत जाऊन आलं, तर १२,००० रुपयांची इंजिनं पुन्हा हँगरमध्ये आणि इंधनाचा खर्च ६४० (गेममधलं चलन वेगळं आहे, हिशेबासाठी रुपये म्हटलं). यानाचा पुनर्वापर या शब्दामागचं सगळं अर्थकारण या दोन आकड्यांत दिसतं.

मात्र कर्बिन हा ग्रह खेळणाऱ्याला मोठी सवलत देतो. त्याची त्रिज्या ६०० किलोमीटर, पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकंच ठेवलेलं आहे, पण ग्रह छोटा असल्यामुळे कक्षेत राहायला सेकंदाला सुमारे २.३ किलोमीटर वेग पुरतो. पृथ्वीभोवती तो ७.८ किलोमीटर लागतो. हवेचा रोध आणि चढण्याचा खर्च धरला तर कर्बिनवर एकूण ३.४ किलोमीटर प्रतिसेकंदाची तरतूद करावी लागते, पृथ्वीवर सुमारे ९.४. फरक जवळपास तिपटीचा दिसतो, पण रॉकेटचं समीकरण घातांकाने वाढतं. एकाच टप्प्यात कक्षा गाठायची तर पृथ्वीवर उत्तम केरोसीन इंजिन घेऊनही १०० टनांतले ९३-९४ टन इंधन आणि ऑक्सिडायझर असावे लागतात. उरलेल्या सहा-सात टनांत टाक्या, इंजिनं, पंख, चाकं, उष्णतेचं कवच, माणसं आणि माल बसवायचा. कर्बिनवर नुसत्या रॉकेट इंजिनानेही हा आकडा ६८ टनांच्या आसपास येतो. एकाच टप्प्यात कक्षा गाठणारं अंतराळविमान गेममध्ये जमतं आणि पृथ्वीवर अजून जमलेलं नाही, याचं सर्वांत मोठं कारण हे आहे.

दुसरी सवलत रॅपिअरची. हे इंजिन खालच्या हवेत जेटसारखं चालतं, म्हणजे ऑक्सिजन बाहेरून घेतं. वर हवा विरळ झाली की तेच रॉकेट होतं आणि टाकीतला ऑक्सिडायझर वापरतं. जेट म्हणून त्याचा विशिष्ट आवेग ३,२०० सेकंद, रॉकेट म्हणून ३०५. थोडक्यात, तेवढाच रेटा मिळवायला जेट रॉकेटच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकं खातं. त्यामुळे हवेत असतानाच जमेल तितका वेग गाठायचा, हे अंतराळविमानाचं सूत्र.

पण ते पाळणं कौशल्याचं काम आहे. नवखा माणूस उडाल्या उडाल्या नाक आकाशाकडे करतो. रॅपिअरचा रेटा थांबलेल्या विमानाला फारसा नसतो, तो ध्वनीच्या पावणेचारपट वेगाच्या सुमाराला कळस गाठतो. मध्ये ध्वनीच्या वेगाची खिंड आहे, तिथे हवेचा रोध एकदम वाढतो. अनुभवी लोक दहाएक किलोमीटरवर विमान जवळजवळ आडवं करतात, प्रसंगी नाक थोडं खाली झुकवून ती खिंड ओलांडतात आणि मग इंजिनाला पळू देतात. वीस किलोमीटरच्या आसपास सेकंदाला १,४०० मीटरचा वेग आला की नाक उचलायचं आणि रॉकेट चालू करायचं.

एकेकाळी यातही पळवाटा होत्या. पूर्ण आवृत्ती येण्याआधी गेममध्ये हवेचा रोध आकारावर नव्हे, वस्तुमानावर ठरत असे. निमुळत्या टोपीचा उपयोग शून्य. लोक हवा ओढणारी तोंडं एकावर एक, ढिगाने लावायचे आणि हवा नसल्यासारख्या उंचीवरही जेट चालवायचे. २०१५च्या आवृत्तीने वायुगतिकी नव्याने लिहिली, परतीच्या प्रवासातली उष्णता आणली आणि ही विमानं एका रात्रीत निकामी झाली. पुष्कळांना तेव्हा वाईट वाटलं. पण गेमचं भलं झालं ते त्या दिवशीच, कारण तेव्हापासून चांगलं दिसणारं विमान साधारणपणे चांगलं उडूही लागलं.

आता त्या उलट्या कोसळण्याकडे वळू. गेममधल्या हँगरमध्ये दोन महत्त्वाच्या खुणा दिसतात. पिवळी खूण गुरुत्वमध्याची, निळी खूण पंखांच्या उचलीच्या मध्याची. बाणाचं टोक जड आणि पिसं मागे असतात म्हणून बाण सरळ जातो. तसंच विमानातही पिवळी खूण निळीच्या थोडी पुढे हवी. इंजिनं जड असतात आणि सहज हात जातो तो ती शेपटीला लावण्याकडे. पुढच्या भरलेल्या टाक्या त्यांना तोलून धरतात, म्हणून विमान उडतं झकास. कक्षेत पोहोचेपर्यंत पुढचं वजन जळून जातं, पिवळी खूण सरकत सरकत निळीच्या मागे जाते आणि परतताना हवा विमानाला त्याच्या जड बाजूने, म्हणजे शेपटीने पुढे फिरवते.

ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात नेमकं हेच घडलं, कागदावर. होटोल नावाचं एकाच टप्प्यात कक्षेत जाणारं विमान ब्रिटिश एअरोस्पेस आणि रोल्स रॉइस आखत होत्या. हवा खाणाऱ्या इंजिनाची कल्पना ॲलन बाँड यांची. इंजिनं शेपटीला होती. वजन मागे, त्यातच वेग बदलेल तसा उचलीचा मध्य पुढेमागे सरकणार. तोल सावरण्यासाठी केलेल्या प्रत्येक दुरुस्तीने मालवाहू क्षमतेचा घास घेतला. १९८८मध्ये सरकारने पैसा थांबवला. बाँड यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८९मध्ये रिॲक्शन इंजिन्स ही कंपनी काढली आणि स्कायलॉन हे नवं विमान आखलं. त्यात इंजिनं पंखांच्या टोकांना, विमानाच्या मध्याजवळ, आणि टाक्या मध्याच्या पुढे व मागे. इंधन दोन्हीकडून सारखं जळलं की तोल जागच्या जागी राहतो. गेममध्ये दहा विमानं गमावल्यावर माणूस ज्या उपायापर्यंत पोहोचतो, तोच हा उपाय.

स्कायलॉनच्या इंजिनाचं नाव सेबर. गेममधला रॅपिअर त्याच्याच धर्तीवर केलेला आहे, नावसुद्धा जुळतं. दोन्ही तलवारींचे प्रकार आहेत, सेबर वाकडी आणि रॅपिअर सरळ, निमुळती. खऱ्या सेबरपुढे गेममध्ये नसलेली एक अडचण होती. ध्वनीच्या पाचपट वेगाने आत शिरणारी हवा सुमारे हजार अंशांपर्यंत तापते, ती निमिषार्धात थंड करावी लागते. त्यासाठीच्या शीतकाची तेवढ्या तापमानाला २०१९मध्ये अमेरिकेत, कोलोरॅडोमध्ये यशस्वी चाचणी झाली. पण संपूर्ण विमान कधीच बांधलं गेलं नाही आणि ३१ ऑक्टोबर २०२४ला पैशाअभावी कंपनीचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला.

तोल राखायचा दुसरा उपाय इंधन हलवण्याचा. काँकॉर्ड विमान ध्वनीचा वेग ओलांडताना सुमारे वीस टन इंधन मागच्या टाकीत पंपाने पाठवत असे आणि वेग कमी करताना पुन्हा पुढे आणत असे. गेममध्येही हे करता येतं. वातावरणात शिरण्याआधी उरलंसुरलं इंधन नाकाजवळच्या टाकीत ओतलं की पिवळी खूण जागेवर येते.

भारतीय वाचकाला या सगळ्यात इस्रोचं ‘पुष्पक’ आठवेल. २३ मे २०१६ला श्रीहरिकोटाहून उडालेलं साडेसहा मीटर लांबीचं पंखधारी यान ६५ किलोमीटर उंचीवर गेलं आणि ध्वनीच्या पाचपट वेगाने उतरत बंगालच्या उपसागरापर्यंत आलं. उतरण्याच्या चाचण्या चित्रदुर्गला झाल्या. चिनुक हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटरवर नेऊन सोडलेलं यान स्वतःहून धावपट्टी शोधत आलं, २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४ आणि २३ जून २०२४ अशा तीन वेळा. तिसऱ्या वेळी ते मुद्दाम धावपट्टीच्या रेषेपासून ५०० मीटर बाजूला सोडलं होतं, तरी ताशी ३२० किलोमीटरहून अधिक वेगाने ते नेमकं उतरलं. त्या चाचणीत दुसऱ्या चाचणीचाच पंखधारी सांगाडा आणि उड्डाणप्रणाली न बदलता वापरली. इंजिनाशिवाय तरंगत येणाऱ्या यानाला दुसरी संधी नसते. अमेरिकी स्पेस शटललाही नव्हती, १३५ मोहिमांत एकदाही नव्हती. गेममध्ये मात्र मागचा क्षण पुन्हा मिळतो आणि शिकणाऱ्यासाठी ती मोठी देणगी आहे.

घरात दहावी-बारावीतलं कुणी हा गेम उघडून बसलं असेल, तर त्याला जरूर खेळू द्यावं. आणि त्याने पहिलं विमान धावपट्टीवर नेण्याआधी हँगरमध्येच सगळ्या टाक्या एकदा रिकाम्या करून पाहाव्यात. पिवळी खूण तरीही निळीच्या पुढे असेल तर उडवायला हरकत नाही. मागे गेली असेल तर इंजिनं पुढे सरकवावीत आणि पुन्हा मोजावं.