क्रिकेटचे प्रक्षेपण आणि प्रेक्षकाचा हक्क

भारतात क्रिकेटच्या धावत्या वर्णनाची सुरुवात मुंबईच्या चौरंगी सामन्यांपासून झाली. १९३४ मध्ये ए. एफ. एस. तल्यारखान यांनी हे काम हाती घेतले आणि पुढची अनेक वर्षे ते दिवसभर एकटेच बोलत राहिले. मायक्रोफोन दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेणे त्यांना मान्य नव्हते. मराठीत हीच परंपरा आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांनी रुजवली. श्रोत्याला काहीच दिसत नसल्याने रेडिओवर क्षेत्ररक्षण कसे लावले आहे, गोलंदाज कोणत्या टोकाकडून येतो आहे, आभाळ आले आहे का, हे सारे सांगावेच लागे. वर्णन करणारा श्रोत्याला बांधलेला असे. चित्र आल्यावर ही सक्ती संपली आणि तिच्याबरोबर बरेच काही गेले.

मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी कॅमेरे मोजके असत आणि ते पोहोचतील तेवढेच क्रिकेट लोकांना दिसे. १९८३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना भारतात थेट दिसला; पण त्याच स्पर्धेत १८ जूनला टनब्रिज वेल्स येथे ५ बाद १७ अशा अवस्थेतून कपिल देव यांनी झिम्बाब्वेविरुद्ध केलेल्या नाबाद १७५ धावांचे चित्रण उपलब्धच नाही. भारतीय एकदिवसीय क्रिकेटमधली बहुधा सर्वांत महत्त्वाची खेळी केवळ शब्दांत उरली आहे.

चित्रणाचे तंत्र बदलले ते ऑस्ट्रेलियात. चॅनल नाइनला प्रक्षेपणाचे हक्क मिळेनात, म्हणून या वाहिनीचे मालक केरी पॅकर यांनी १९७७ मध्ये सामन्यांची स्वतःचीच मालिका उभारली. खेळपट्टीच्या दोन्ही टोकांना कॅमेरे आले आणि एका षटकाआड फलंदाजाची पाठ पाहण्याची वेळ संपली. पुढे हेच कॅमेरे खेळाच्या नियमांत शिरले. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबान कसोटीत सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचाने धावबाद दिलेला पहिला फलंदाज ठरला. २००८ मध्ये भारताच्या श्रीलंका दौऱ्यात पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी मागण्याची पद्धत कसोटीत प्रथम वापरली गेली. भारतीय क्रिकेट मंडळाने मात्र २०१६ पर्यंत या पद्धतीला विरोध केला. चूक झाल्याचे घरबसल्या लाखो लोकांना दिसत होते, आणि निर्णय देणाऱ्या पंचालाच ते पाहण्याची सोय नव्हती.

भारतातला खरा संघर्ष मालकीचा होता. १८८५ च्या तार कायद्याच्या आधारे प्रक्षेपणाची मक्तेदारी सरकारकडे होती, आणि सामना दाखवण्यासाठी दूरदर्शनच मंडळाकडे पैसे मागत असे. दक्षिण आफ्रिकेचा संघ १९९१ मध्ये भारतात आला, तेव्हा आपल्या सामन्यांना परदेशातून किंमत मिळू शकते हे मंडळाच्या लक्षात आले. त्यानंतर १९९३ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेने हिरो चषक स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले. सरकारने परवानगी अडवली, कंपनीची यंत्रसामग्री सीमाशुल्क खात्याने रोखली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

९ फेब्रुवारी १९९५ चा हा निकाल भारतीय प्रसारणाच्या इतिहासातला मैलाचा दगड आहे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांचे नियमन स्वायत्त सार्वजनिक संस्थेने करावे, आणि माहिती मिळवण्याचा प्रेक्षकाचा हक्क हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. सरकारची मक्तेदारी संपली हे लोकांच्या लक्षात राहिले. प्रेक्षकाच्या हक्काबद्दलचा भाग मागे पडला, आणि हीच या इतिहासातली सर्वांत मोठी हानी आहे.

पुढे बाजार अतिशय वेगाने वाढला. आयपीएलचे २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे हक्क १६,३४७.५ कोटी रुपयांना गेले. २०२३ ते २०२७ साठी ही रक्कम ४८,३९० कोटी झाली, म्हणजे एका सामन्यामागे सुमारे ११८ कोटी. २०२३ मध्येच भारतातील ८८ आंतरराष्ट्रीय सामन्यांचे हक्क ५,९६३ कोटींना विकले गेले, म्हणजे सामन्यामागे सुमारे ६८ कोटी. पाच दिवसांच्या कसोटीलाही यातच धरलेले आहे. वर्षाच्या वेळापत्रकात कोणाला आधी जागा मिळते, ते या दोन आकड्यांवरून कळते.

एवढा पैसा वसूल होतो तो षटकांमधल्या विरामांतून. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटे जाहिरातीला जागा नसते. एकदिवसीय सामन्यात मात्र षटके शंभर, शिवाय प्रत्येक बळीनंतरचा विराम वेगळा. त्यामुळे षटकाचा शेवटचा चेंडू टाकून होताच चित्र जाते, आणि कर्णधार क्षेत्ररक्षण बदलतो, गोलंदाजाशी बोलतो, फलंदाज मध्यावर येऊन सल्लामसलत करतात, तो सारा वेळ प्रेक्षकाला दिसत नाही. जाणकाराला क्रिकेट तिथेच समजते. मंडळाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये कसोटी व एकदिवसीय सामन्यांत जाहिराती केवळ उपाहार, चहापान आणि पेयपान यांच्या वेळी दाखवाव्यात, अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय मंडळावरच सोपवला आणि शिफारस तिथेच थांबली.

समालोचनाची अवस्था याहून गंभीर आहे. मायदेशातील सामन्यांचे चित्रण मंडळ स्वतः करू लागले आणि समालोचक मंडळाने नेमलेले झाले. संघनिवड, प्रशासन आणि पंचनिर्णयांची फेरतपासणी या विषयांवर बोलायचे नाही, असे कळल्यावर २०१३ मध्ये इयान चॅपेल यांनी भारतातील काम नाकारले. हर्षा भोगले यांना २०१६ च्या आयपीएलपूर्वी, तर संजय मांजरेकर यांना मार्च २०२० मध्ये दूर करण्यात आले. स्तुती करायला बंदी नसते, म्हणून स्तुतीच वाढते, आणि खेळ शिकू पाहणाऱ्या मुलाला कोणता फटका चुकला, का चुकला, हे कोणी सांगत नाही.

प्रेक्षकासाठी कायदा झाला तो २००७ मध्ये. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीला देणे त्याने बंधनकारक केले. परंतु ते प्रक्षेपण दूरदर्शनने खासगी केबलचालकांमार्फत पुढे पोहोचवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले, आणि केबलच्या ग्राहकाला पुन्हा सशुल्क वाहिनीकडे वळावे लागले.

२०२३ मध्ये आयपीएल मोबाइलवर मोफत दाखवले गेले, तेही मराठीसह बारा भाषांत. ही मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. मोफतपणा मात्र स्पर्धेतून आलेला होता: दूरचित्रवाणीचे हक्क एका कंपनीकडे, मोबाइलचे दुसरीकडे. २०२४ मध्ये या दोन्ही कंपन्यांचे प्रसारण व्यवसाय एकत्र आले आणि भारतीय क्रिकेटचे बहुतेक सारे प्रक्षेपण एकाच समूहाकडे गेले. या विलीनीकरणाला मंजुरी देताना भारतीय स्पर्धा आयोगाने क्रिकेटपुरत्या वेगळ्या अटी घातल्या. त्यांचा मुख्य भर जाहिरातींच्या जागा कशा विकाव्यात आणि त्यांचे दर किती वाढवावेत यावर आहे.