मुरमं आली? आधी कारण ओळखा, मग औषध

शेतकरी बंधू-भगिनींनो, पानावर ठिपके दिसले की आपण आधी रोग ओळखतो, मग फवारणी करतो. घरातल्या पोरापोरींच्या तोंडावर मुरमं आली की मात्र दुकानातली मिळेल ती ट्यूब आणून चोळतो. हे बरं नव्हे.

मुरमं अस्वच्छतेनं येत नाहीत. वयात येताना अंगातली अँड्रोजन संप्रेरकं वाढतात. कातडीतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात आणि पुटकुळी सुजते. म्हणून तोंड दिवसातून दोनदा सौम्य साबणानं धुवावं. खसाखसा घासू नये, पुटकुळी फोडू नये; व्रण राहतात.

ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल तर ती स्टेरॉइडची. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ, लाल होते आणि मुरमं आणखी वाढतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याची सवलत काढून घेतली आहे. डॉक्टर बेंझॉइल पेरॉक्साइडसारखं औषध देतात. त्याचा गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात. मधेच सोडू नका.

मुलीची पाळी दोन-तीन महिने लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असू शकतो. तिला ग्रामीण रुग्णालयात दाखवा. ‘लग्न झालं की जाईल’ म्हणून थांबू नका. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आशाताईंना घेऊन महिला ग्रामसभेत हा विषय जरूर मांडावा.