बसगाडीच्या खिडक्या व उष्णतेचा बंदोबस्त
(सामान्य विज्ञानाच्या पाठास पूरक माहिती)

वहन, अभिसरण व प्रारण हे उष्णतेच्या प्रवासाचे तीन मार्ग प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील मुले तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु हे तिन्ही मार्ग एकाच वस्तूत एकाच वेळी चालू असलेले दाखविणारे उदाहरण शिक्षकांस सहसा हाताशी मिळत नाही. असे एक चांगले उदाहरण म्हणजे बसगाडीची खिडकी होय. जुन्या शालेय बसगाडीचे राहते घर बनविणाऱ्यांना या खिडकीचा प्रश्न प्रत्यक्ष सोडवावा लागतो. तो ते कसा सोडवितात हे पाहिले असता उष्णतेचा संपूर्ण पाठ डोळ्यांसमोर उभा राहतो.

गाडी व तिचे दुसरे जीवन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मुलांना शाळेत नेण्या-आणण्यासाठी पिवळ्या रंगाच्या बसगाड्या असतात. १९३९ साली न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सिअर या प्राध्यापकांनी एक परिषद बोलाविली आणि शालेय बसगाडीची बांधणी कशी असावी याचे ४४ नियम तीत ठरले. अंधुक उजेडातही गाडी व तिच्यावरील काळी अक्षरे स्पष्ट दिसावीत, म्हणून पिवळा रंग तेव्हाच निश्चित झाला. शाळेच्या कामातून निवृत्त झालेल्या अशा गाड्या अल्प किमतीत विकल्या जातात. काही कुटुंबे त्या विकत घेऊन आतील बाके काढतात व गाडीचे फिरते घर बनवितात. अशा घरास तिकडे ‘स्कूली’ असे म्हणतात.

बसगाडीचा असा दुसरा उपयोग भारतातही अपरिचित नाही. १९८८ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘डोअर स्टेप स्कूल’ या संस्थेने शाळेपर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांसाठी बसगाडीतच वर्ग भरविण्याचा उपक्रम हाती घेतला. घर असो की वर्ग असो, गाडीत दीर्घकाळ बसावयाचे म्हटले की पहिली अडचण थंडीची व उन्हाची येते आणि तिचे मूळ बहुतांशी खिडकीत असते.

मूळ खिडकीतील दोष

शालेय बसगाडीचा सांगाडा पोलादी कमानींचा असून त्यावर पोलादी पत्रा मढविलेला असतो. दोन कमानींच्या मध्ये एक याप्रमाणे दोन्ही बाजूंस खिडक्यांची ओळच असते. बहुतेक खिडक्यांना अॅल्युमिनियमची चौकट व एकेरी काच असते. दोन खटके दाबले असता वरचे तावदान खाली सरकते. मुलांना घटकाभर बसवून शाळेत पोहोचविण्यास ही रचना पुरेशी आहे. परंतु रात्र काढण्यास ती अगदीच अपुरी पडते.

याचे कारण आकड्यांवरून ध्यानात येईल. काचेची उष्णतावाहकता १ मानली, तर पोलादाची सुमारे ५० व अॅल्युमिनियमची सुमारे २०० भरते. उलट, स्थिर हवेची वाहकता काचेच्या चाळिसाव्या हिश्शाइतकीच असते. म्हणजे काचेपेक्षाही तिच्या भोवतालची धातूची चौकट हा उष्णतेचा अधिक मोकळा रस्ता आहे. थंडीच्या रात्री आतील उष्णता या रस्त्याने बाहेर जाते. हे वहन झाले. काचेला लागून थंड झालेली हवा जड होऊन खाली उतरते, तिच्या जागी उबदार हवा येते व तीही थंड होते. हे अभिसरण झाले. दिवसा सूर्यप्रकाश काचेतून सुखाने आत शिरतो; परंतु तापलेल्या आसनांपासून व जमिनीपासून निघणारे उष्णतेचे किरण काच सहज बाहेर जाऊ देत नाही. हे प्रारण झाले. याच कारणाने उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून भट्टीसारखी तापते.

एक गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. एकेरी काचेचा स्वतःचा उष्णतारोध नगण्य असतो. जो काही रोध होतो, तो काचेच्या दोन्ही अंगांस चिकटून राहिलेल्या हवेच्या पातळ थरांमुळे होतो. लोकर, कापूस, थर्माकोल यांच्या मंदवाहकतेचे रहस्यही हेच आहे. या सर्व वस्तू हवेला बारीक बारीक कप्प्यांत कोंडून स्थिर ठेवतात. उष्णतेचा बंदोबस्त म्हणजे मुख्यतः कोरडी व स्थिर हवा योग्य जागी धरून ठेवणे होय. पुढील सर्व काम या एका तत्त्वावर चालते.

प्रथम पाण्याचा बंदोबस्त

नवशिक्या माणसाचा कल प्रथम आतून सुंदर लाकूडकाम करण्याकडे असतो. परंतु जाणता कारागीर कामाचा क्रम असा लावतो : प्रथम पाणी, मग उष्णता, आणि शेवटी शोभा. जुन्या गाडीच्या खिडक्यांभोवतीचे रबर व लांबी कालांतराने कडक होऊन त्यांना भेगा पडतात आणि पावसाचे पाणी कमानीच्या पोकळीत उतरते. वर फळ्या ठोकल्या की ते पाणी दिसत नाही. मात्र गंज वाढतच जातो.

म्हणून खिडकी स्क्रू काढून पूर्णपणे बाहेर घेतात. जुना मसाला खरवडून, गंज घासून, त्या जागी गंजरोधक रंगाचा हात देतात. नंतर चौकटीच्या कडेने बुटाईल रबराची चिकट पट्टी किंवा तत्सम जलरोधक मसाला लावून खिडकी पुन्हा बसवितात. यानंतर बाहेरून एकाने नळीने पाणी सोडावयाचे व आत दुसऱ्याने पाहत राहावयाचे, अशी परीक्षा घेतात. एक थेंबही आत येत नाही अशी खात्री झाल्यावाचून पुढील काम हाती घेऊ नये.

मग उष्णतेचा बंदोबस्त

उजेडासाठी व वाऱ्यासाठी सर्वच खिडक्यांची आवश्यकता नसते. म्हणून काही खिडक्या काढून त्या जागी पत्रा बसवितात व आतून उष्णतारोधक भरतात. उरलेल्या खिडक्यांना आतून दुसरे पारदर्शक तावदान लावतात. वजन कमी राहावे म्हणून ते बहुधा अॅक्रिलिकचे असते. दोन तावदानांमध्ये १२ ते १६ मिलिमीटर अंतर ठेवल्यास उष्णतेची गळती सुमारे निम्म्यावर येते. अंतर याहून पुष्कळ वाढविले तरी लाभ फारसा वाढत नाही. कारण रुंद पोकळीत हवा फिरू लागते व अभिसरण सुरू होते. रात्रीसाठी उष्णतारोधक फळीचे खिडकीच्या मापाचे तुकडे कापून ठेवतात व झोपण्यापूर्वी ते घट्ट बसवितात.

कमानींकडे दुर्लक्ष झाल्यास मात्र हा सर्व खटाटोप बराचसा व्यर्थ जातो. दोन कमानींमध्ये कितीही जाड थर्माकोल भरला, तरी पोलादी कमान स्वतः उष्णतेचा पूल होऊन राहते. तो पूल तोडण्यासाठी कमानीवर आतून लाकडी रीप बसवितात किंवा उष्णतारोधकाचा अखंड थर घालतात आणि मगच आतील फळ्या लावतात. लाकूड पोलादापेक्षा शेकडो पटींनी मंदवाहक असल्याने एवढ्या उपायानेही मोठा फरक पडतो.

येथे दवाचा प्रश्न उपस्थित होतो. हवेचे उष्णतामान २० अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर सुमारे ९ अंशांखालील कोणत्याही पृष्ठभागावर दव जमते. निजलेल्या माणसाच्या श्वासातून व त्वचेतून रात्रभरात पाव लिटर तरी पाणी बाष्परूपाने हवेत मिसळते. स्वयंपाकाच्या गॅसच्या ज्वलनातूनही बाष्प निर्माण होते. हे बाष्प थंड काचेवर व थंड पोलादावर पाण्याच्या रूपाने उतरते. खिडकीवर आतून सैल पडदा किंवा सैल फळी लावली, तर तिच्यामागील काच पूर्वीपेक्षाही थंड होते आणि कडेच्या फटीतून शिरलेले बाष्प तेथेच थिजते. म्हणून आतील तावदानाच्या व फळीच्या कडा हवाबंद असाव्यात, आणि भिजल्यावर गुण गमावणारे कापसासारखे पदार्थ काचेलगत भरू नयेत.

उन्हाचा बंदोबस्त मात्र वेगळा आहे. आतून लावलेला पडदा ऊन काचेच्या आत आल्यानंतर त्यास अडवितो. तोपर्यंत उष्णता गाडीत शिरलेली असते. बाहेरून लावलेले छत किंवा जाळी उन्हाला काचेपर्यंत पोहोचूच देत नाही. महाराष्ट्रात उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे खिडकीबाहेर टांगून त्यांवर पाणी शिंपडतात, त्यात हेच शहाणपण आहे. सावली बाहेर पडते, आणि पाण्याच्या बाष्पीभवनाने आत येणारा वाराही गार होतो.

शेवटी लाकडी चौकट

गाडीची भिंत वरच्या बाजूस किंचित आत कललेली असते व प्रत्येक कमानीचे अंतर तंतोतंत सारखे नसते. म्हणून एका खिडकीचे माप घेऊन सर्व फळ्या कापू नयेत. प्रत्येक खिडकीस जाड कागद लावून त्याचा नमुना कापावा, त्यावर खिडकीचा क्रमांक घालावा व त्याप्रमाणे लाकूड कापावे. खालच्या फळीस खोलीच्या बाजूकडे अल्पसा उतार द्यावा, म्हणजे काचेवरून ओघळलेले दव कोपऱ्यात साचत नाही व पुसता येते. फळी बसविण्यापूर्वी तिच्या सर्व अंगांस, विशेषतः कापलेल्या टोकांस, वार्निश द्यावे. कारण लाकूड टोकांकडून सर्वाधिक पाणी शोषते. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून टोकाशी एक सूत, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, फट सोडावी. चौकट खिळ्यांनी न ठोकता स्क्रूंनी बसवावी. कारण पुढेमागे खिडकी दुरुस्तीसाठी काढावी लागणारच. मूळ चौकटीस पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असल्यास ती मसाल्याने बुजवू नयेत.

काय बंद करू नये

इतका बंदोबस्त करताना एक धोका विसरता कामा नये. शालेय बसगाडीस मागील दरवाजा असतो. तसेच संकटसमयी बाहेर पडण्यासाठी काही खिडक्या ढकलून उघडण्याजोग्या केलेल्या असतात. पलंग, कपाट किंवा लाकडी चौकट यांनी हे मार्ग अडले, तर आग लागल्यास आतील माणसे कोंडली जातील. थर्माकोल व तत्सम फेसाळ पदार्थ पेट घेतात व त्यांचा धूर विषारी असतो, म्हणून ते उघडे न ठेवता वरून फळ्यांनी पूर्णपणे झाकावे लागतात. जेथे शेगडी किंवा कोळसा जळतो तेथे हवा आत येण्याचा व धूर बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा हवाच. कारण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंगही नसतो व वासही नसतो. निजलेल्या माणसास तो जागे होण्याची संधी देत नाही. हिवाळ्यात खोलीची दारे-खिडक्या लावून आत शेगडी ठेवणाऱ्या घरांनाही हा इशारा तितकाच लागू आहे. मुलांमार्फत तो घरोघर पोहोचविणे हे शिक्षकांचे मोठेच कार्य ठरेल.

वर्गात करावयाचे प्रयोग

पहिल्या प्रयोगासाठी पत्र्याचे तीन सारखे डबे घ्यावेत. त्यांत सारखेच गरम पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावे व डब्यांस झाकणे लावावीत. एक डबा उघडा ठेवावा, दुसऱ्याभोवती कोरडे घोंगडे गुंडाळावे व तिसऱ्याभोवती ओले घोंगडे गुंडाळावे. दर दहा मिनिटांनी उष्णतामापक बुडवून आकडे फळ्यावर लिहावेत. कोरड्या घोंगड्यातील पाणी अधिक काळ गरम राहील. ओल्या घोंगड्यातील पाणी लवकर निवेल व उष्णतेच्या बंदोबस्तात कोरडेपणाचे महत्त्व मुलांना आपोआप पटेल.

दुसरा प्रयोग पावसाळ्यातील दमट दिवशी करावा. दोन तांब्यांत बर्फाचे पाणी घ्यावे. एक उघडा ठेवावा व दुसऱ्याभोवती सुती कापड सैलसर गुंडाळावे. उघड्या तांब्यावर थोड्याच वेळात थेंब दिसू लागतील. दुसरा तांब्या वरून कोरडा वाटेल. अर्ध्या तासाने कापड सोडून मुलांना आत हात लावू द्यावा; तांब्या ओला लागेल. सैल फळीमागील काचेची व फळ्यांमागील पोलादाची गत हीच असते. वरून झाकलेली वस्तू आतून कोरडी असतेच असे नाही, ही गोष्ट मुलांनी हाताने अनुभवली म्हणजे वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

या दोन प्रयोगांनंतर मुलांना आपल्या शाळेची पाहणी करावयास सांगावे. कोणत्या खिडकीतून दुपारचे ऊन थेट आत येते, कोठे पावसाचे पाणी झिरपते, पत्र्याखाली व कौलाखाली उष्णतामानात किती अंतर पडते, कोणती खिडकी गंजून उघडेनाशी झाली आहे, याची नोंद त्यांनी वहीत करावी. जी खिडकी उघडत नाही तिची दुरुस्ती प्रथम करवून घ्यावी. पडदे व रंगरंगोटी यांचा विचार त्यानंतर करावा.