नळाचें पाणी व गटाराचें पाणी : दुष्काळनिधीच्या विनियोगासंबंधीं निवेदन



दुष्काळ पडला म्हणजे दात्यांच्या मनांत प्रथम टँकर येतो, व तें योग्यच आहे. परंतु ज्यांच्या हातीं निधि सोंपविलेला असतो त्यांस पुढचाहि विचार करावा लागतो. आणलेलें पाणी शहराच्या नळांत गेल्यावर त्याचें काय होतें, आणि वापरून झाल्यावर तें कोठें जातें, हे दोन प्रश्न आम्ही येथें मांडीत आहों.

लातूरचें उदाहरण सर्वांच्या स्मरणांत असेल. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें व एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी लातुरास पोहोंचविण्यांत आलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारें ५ लक्ष लिटर पाणी होतें. सन २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें शहराची वस्ती ३ लक्ष ८० हजारांवर होती. म्हणजे माणशी दीड लिटरहि पाणी आलें नाहीं. पुढें पन्नास वाघिणींची गाडी २५ लक्ष लिटर आणूं लागली, तेव्हांहि एका खेपेचा वांटा माणशी साडेसहा लिटरांच्या आसपासच पडला. भुयारी गटारें नसलेल्या, परंतु नळ असलेल्या शहरासाठीं केंद्र सरकारच्या सन १९९९ च्या नियमपुस्तकांत माणशी रोज ७० लिटरांचें प्रमाण दिलें होतें. बाहेरून आणलेल्या पाण्यानें प्राण वांचतात. शहराचा नित्य व्यवहार त्यावर चालूं शकत नाहीं. तेव्हां शहराजवळ जें पाणी उरलें असेल तें वांया न जाऊं देणें व दूषित न होऊं देणें, हें दुष्काळनिवारणाचेंच काम होय.

ह्या कामीं व्यापारी मंडळी दुकानाचा ताळेबंद जसा पाहतात तसा पाण्याचा पाहावा. टाकींतून किती पाणी सुटलें व घरोघरीं किती पोहोंचलें, हें मोजल्यावांचून गळती कळत नाहीं. जेथें मीटर नाहींत तेथें खतावणीच नाहीं. कराडनजीकच्या मलकापूर ह्या लहान शहरानें ह्या शतकाच्या पहिल्या दशकांतच घरोघरीं मीटर बसविले, वापराप्रमाणें चढता दर लाविला व चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग यशस्वी केला.

चोवीस तासांचा आग्रह केवळ सोयीसाठीं नव्हे. चार किंवा आठ दिवसांआड पाणी सोडलें म्हणजे मधल्या काळांत नळी रिकामी राहते व तिच्यांतील दाब नाहींसा होतो. अशा वेळीं सांधा फुटलेला असेल व शेजारीं गटार वाहत असेल, तर गटाराचें पाणी नळींत शिरतें. कोणी नळासच मोटर लावून पाणी ओढलें तर तें अधिकच शिरतें. पाणी पुन्हां सुटतें तेव्हां ही घाण प्रथम घरांत येते, आणि कावीळ, विषमज्वर व पटकी ह्यांची सांथ उद्‌भवते. यास्तव परीक्षा टाकीपाशीं न करितां शेवटच्या घराच्या तोटीपाशीं करावी. तेथें दर लिटरास किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन आढळला पाहिजे.

आतां गटारांत ही घाण येते कोठून? बहुतेक लहान शहरांत शौचकूप झाले, परंतु त्यांच्या टाक्या वर्षानुवर्षें उपसल्या जात नाहींत. टाकी गाळानें भरली कीं मैला तसाच उघड्या गटारांत उतरतो. टाकी दोन-तीन वर्षांनीं उपसावी हा नियम आहे. परंतु ती तुंबेपर्यंत घरमालक सहसा कोणास बोलावीत नाहीं. वाई व सिन्नर ह्या नगरपरिषदांनीं सन २०१८ पासून तीन वर्षांच्या पाळीनें घरोघरच्या टाक्या यंत्रगाडीनें उपसण्याचें व मैल्यावर शुद्धिक्रिया करण्याचें काम हातीं घेतलें. येथें कायद्याचेंहि स्मरण द्यावेंसें वाटतें. संरक्षक साधनांवांचून माणसास टाकींत उतरवून मैला काढविणें सन २०१३ च्या कायद्यानें निषिद्ध व दंडनीय आहे. आपल्या दानांतून असें काम होऊं नये.

आणखी एक गोष्ट. जलरेषेच्या शेवटीं असलेली वस्ती बहुधा गरिबांची असते; तेथें पाणी सर्वांत उशिरां व सर्वांत कमी येतें. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे हें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर दाखवून दिलें. टँकरची पहिली खेप ह्या वस्तींत जावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

तरी दातृवर्गास विनंति एवढीच कीं, देणगी देतांना ती केवळ टँकरच्या भाड्यापुरती बांधून ठेवूं नये. गटारांतून गेलेल्या नळ्या बाजूस घेणें, फुटके सांधे व झडपा बदलणें, तोटीपाशीं क्लोरीन तपासणें व गरिबांच्या टाक्या उपसून देणें, ह्या कामांसहि तिचा कांहीं अंश खर्च करण्याची मोकळीक द्यावी. टँकरचें पाणी त्या दिवशींच संपतें. दुरुस्त केलेली नळी पुढच्या अवर्षणांतहि उपयोगीं पडेल. आपल्या औदार्याचा असा चिरस्थायी उपयोग व्हावा, हीच आमची प्रार्थना.