डोळा कुठे आहे ते बघ

न्यू जर्सीत आम्ही 2019 मध्ये घर घेतलं. जुलैमध्ये घर बघायला गेलो तेव्हा पुढच्या पायऱ्यांशेजारी हायड्रेंजियाची तीन झुडपं निळ्या फुलांनी भरलेली होती. एकेक गुच्छ चांगला फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा. खरं सांगायचं तर घरातलं स्वयंपाकघर मला आता तितकंसं आठवत नाही, पण बायकोने घर तिथेच पायरीवर पसंत केलं होतं.

घर विकणाऱ्या आजी एकट्याच राहत होत्या आणि आता मुलीकडे जाणार होत्या. सप्टेंबरमध्ये किल्ल्या देताना त्यांनी बॉयलर, गटार, छप्पर यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "त्या झुडपांकडे तेवढं लक्ष द्या, हं. नवऱ्याने लावलीत." मी अगदी छातीठोकपणे "हो" म्हटलं. शेतकऱ्याचा मुलगा आहे मी! दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. तीन झुडपं सांभाळणं म्हणजे काय मोठंसं?

पुढची तीन वर्षं त्या झुडपांना एकही फूल आलं नाही.

त्याचं कारण मीच होतो, पण ते कळायला तीन वर्षं गेली. आमच्याकडे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं असतं की ऑक्टोबर म्हणजे छाटणी. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे ज्या छाटणीनंतर माल येतो ती. शाळेला सहामाहीची सुट्टी लागली की आम्ही बागेतच असायचो. त्यामुळे घर घेतल्यावर पहिल्याच ऑक्टोबरमध्ये मी कात्री आणली आणि तिन्ही झुडपं फूटभर ठेवून साफ केली. किती नीटनेटकं दिसत होतं! शेजाऱ्यांनीही कौतुक केलं.

2020 च्या उन्हाळ्यात नुसती पानं आली. लॉकडाऊनमुळे दिवसभर घरीच होतो, त्यामुळे ती पानं रोज बघावी लागली. मला वाटलं, खत कमी पडलं. लॉनचं खत त्यांनाही घातलं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाटणी. 2021 मध्ये पानं आणखी हिरवीगार आणि फुलं शून्य. लॉनच्या खतात नत्र जास्त असतं. नत्राने पाला माजतो, फूल येत नाही. मग मी पाणी वाढवलं, लॉनला चुना टाकताना थोडा इकडेही टाकला, बाजूच्या झाडाची फांदी कापून ऊन वाढवलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ज्युनियर मुलांना सांगतो की बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. बागेत मात्र मी एकदम पाच गोष्टी बदलत होतो. एक गोष्ट तेवढी दरवर्षी न चुकता तशीच करत होतो, ती म्हणजे छाटणी.

आता वडिलांबद्दल थोडं. त्यांना आम्ही नाना म्हणतो. माझं त्यांचं दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलणं व्हायचं ते साधारण पाच मिनिटांचं. "जेवलास का? पोरं बरी आहेत? थंडी किती?" मग फोन आईकडे. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हापासून बागेचा विषय आमच्यात निघत नसे. त्यांना वाटायचं मला त्यात रस नाही, मला वाटायचं ते दुखावतील.

2022 च्या सप्टेंबरअखेरच्या एका रविवारी बोलायला काहीच नव्हतं म्हणून मी फोन घेऊन बाहेर गेलो आणि त्यांना झुडपं दाखवली. म्हटलं, "नाना, तीन वर्षं छाटतोय, खत घालतोय, फूलच नाही. आता उपटूनच टाकावी म्हणतो."

"थांब. त्याचा डोळा कुठे बसतो?"

मी गप्प. छाटणी शिकलो होतो, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"अरे, काडीजवळ ने फोन. शेंड्याला बघ." काडीच्या शेंड्याला दोन पानांच्या मध्ये एक टपोरी कळी होती, हरभऱ्याच्या घाट्याएवढी. नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हेच पुढच्या सालचं फूल. तू दरवर्षी हेच कापून टाकतोस."

मग त्यांनी समजावून सांगितलं. द्राक्षात एप्रिलची छाटणी झाली की नवी काडी येते आणि पुढच्या दोनेक महिन्यांत तिच्या डोळ्यांमध्ये घड ठरतो. बाहेरून काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीने घड तयार होत नाही, आत तयार असलेला घड बाहेर येतो. म्हणून आधी कुठल्या डोळ्यात घड आहे ते बघायचं, मग त्याच्या पुढे कात्री लावायची. बरेच शेतकरी छाटणीआधी डोळे प्रयोगशाळेत तपासून घेतात ते त्यासाठीच. "तू कात्री लावायचं शिकलास, डोळा बघायचं शिकला नाहीस," नाना म्हणाले. त्या दिवशीचा कॉल पन्नास मिनिटं चालला. आईने मध्ये दोनदा डोकावून बघितलं की नक्की काय झालंय.

नंतर मी वाचलं तेव्हा नानांचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. मोठ्या पानांचा हायड्रेंजिया, शास्त्रीय नाव मॅक्रोफिला, हा मूळचा जपानचा. तो उन्हाळा संपतासंपता जुन्या काडीवर पुढच्या वर्षीची कळी धरतो. छाटायचाच असेल तर फुलं ओसरल्याबरोबर, जुलैअखेरपर्यंत. त्यानंतर नाही. उलट पॅनिक्युलाटा (लाइमलाइट वगैरे) आणि आर्बोरेसेन्स (अ‍ॅनाबेल) या जाती त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर फुलतात, त्या हिवाळा संपताना छाटल्या तरी चालतात. एन्डलेस समरसारखे काही वाण जुन्या आणि नव्या दोन्ही काड्यांवर फुलतात. म्हणून आधी आपल्याकडे कुठली जात आहे ते ओळखायचं.

त्या ऑक्टोबरमध्ये मी कात्री गॅरेजमध्ये वरच्या फळीवर ठेवून दिली. पण कळी वाचवली म्हणजे काम संपलं असं नाही, तिला हिवाळा काढायचा असतो. थँक्सगिव्हिंगनंतर झुडपांभोवती जाळीचं कुंपण केलं आणि आत वाळकी पानं भरली. इथे हरणांचाही त्रास आहेच, त्यांच्यापासूनही जाळीने वाचवलं. नाताळच्या तोंडावर एका दिवसात तापमान धाडकन खाली आलं तेव्हा त्या पानांचा उपयोग झाला असावा.

खरी भीती एप्रिलची. चार दिवस उबदार गेले की कळ्या फुटायला लागतात आणि मग एका रात्रीत पारा शून्याखाली. अशाच एका रात्री अकरा वाजता मी नानांना फोन लावला. तिकडे सकाळचे साडेआठ. म्हणाले, "जुन्या चादरी टाक, जमिनीपर्यंत. प्लास्टिक कोंबांना टेकू देऊ नको. ऊन आलं की काढ." निफाड-दिंडोरीकडे थंडीत दव गोठतं तेव्हा बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात. त्या रात्रींच्या गोष्टी निघाल्या. मी सहावीत असताना शेकोटीजवळ झोपलो होतो आणि माझा स्वेटर जळाला होता, ते त्यांना आठवत होतं.

मग मी विचारलं, "यंदा बाग कशी आहे, नाना?"

थोडं थांबून म्हणाले, "खालची एक एकर तोडली. मागच्या साली."

अवकाळी पाऊस, औषधांचा खर्च, मजूर मिळत नाहीत, भाव निघाला नाही. मी म्हटलं, "मला सांगितलं नाहीत?" ते म्हणाले, "तू विचारलं नाहीस." त्यात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. तिकडची एक एकर बाग गेली तरी मला पत्ता नव्हता आणि इकडे तीन झुडपांसाठी मी रात्री अकराला चादरी शोधत होतो.

जून 2023 मध्ये अकरा फुलं आली. अकराच. पण मी मोजत होतो ना! आजींच्या मुलीला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "आई खूश आहे. पण विचारतेय, ती गुलाबी का झाली?"

तीही माझीच करणी. या फुलाचा निळा रंग मातीतल्या अ‍ॅल्युमिनियममुळे येतो. माती आम्लधर्मी असेल, साधारण पीएच 5.5 च्या खाली, तर अ‍ॅल्युमिनियम विरघळून झाडाला मिळतं आणि फूल निळं होतं. 6.5 च्या वर ते मातीत अडकून राहतं आणि फूल गुलाबी येतं. पांढऱ्या जाती मात्र बदलत नाहीत. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती पाठवली, पीएच 6.6 निघाला. लॉनचा चुना! आता दर शरद ऋतूत थोडं गंधक घालतो. रंग हळूहळू जांभळ्यावर आलाय, एका बाजूला निळा.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात: सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्या. बुंध्याशी दोन-तीन इंच पालापाचोळा पसरा. दुपारी पानं मान टाकतात, लगेच पाणी घालू नका, संध्याकाळी सावरली नाहीत तरच घाला. वसंतात काडी वाळकी दिसली तरी मेअखेरपर्यंत थांबा, नखाने साल खरवडा, आत हिरवं असेल तर ती जिवंत आहे. ब्रिटनमधल्या मंडळींनी वाळलेली फुलं हिवाळाभर तशीच ठेवावी, खालच्या कळ्यांना पांघरूण होतं. आणि मदर्स डेला दुकानात मिळणारी कुंडी बाहेर लावून थंडीत टिकेल अशी फार आशा ठेवू नका.

दर रविवारचा कॉल आता पाच मिनिटांत संपत नाही. उरलेल्या दोन एकरांचे डोळे तपासायला दिले की नाना मला अहवालाचा फोटो पाठवतात आणि मी तो खरंच वाचतो. ऑक्टोबर आला की ते तिकडे कात्री काढतात. माझी वरच्या फळीवरच असते. तरी दरवर्षी ते एकदा विचारतातच, "हात लावला नाहीस ना?"