४४१९०२ : आमगावच्या पिन कोडमधलं गणित

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावचा पिन कोड ४४१९०२. अशी सहा आकडी संख्या पाहिली की दोन समज हटकून पुढे येतात. संख्या मोठी, म्हणजे तिचे विभाजकही पुष्कळ असणार, हा एक. आणि आकड्यांच्या बेरजेतून निघालेला ‘मूलांक’ गावाचं नशीब सांगतो, हा दुसरा. पहिला तपासायला कागद-पेन्सिल पुरते. संख्या सम आहे. २ ने भागल्यावर २२०९५१ येतात. त्यांना ३, ५, ७, ११, १३, १७ यांतल्या कशानेच पूर्ण भाग जात नाही. १९ ने जातो आणि ११६२९ मिळतात, म्हणजेच २९ × ४०१. ४०१ मूळ संख्या आहे हे ठरवायला १९ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं, कारण पुढच्या २३ चा वर्गच ५२९ होतो. तेव्हा ४४१९०२ = २ × १९ × २९ × ४०१. चार मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. म्हणून विभाजक अवघे १६. एवढ्याशा १२० चेही विभाजक १६च आहेत! विभाजक किती, हे संख्येच्या आकारावरून कळत नाही. कोणते मूळ अवयव किती वेळा येतात ते पाहावं लागतं.

मूलांकाचा समज अधिक घट्ट रुजलेला आहे. ४४१९०२ च्या आकड्यांची बेरीज २०, म्हणून मूलांक २. पण १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की बाकी १च उरते, त्यामुळे मूलांक म्हणजे ९ ने भागल्यावरची बाकी (बाकी शून्य असेल तर ९), याहून काही नाही. जिल्ह्यातल्याच तिरोड्याचा पिन ४४१९११. त्याचीही बेरीज २०. दोन्ही गावांचं नशीब त्यामुळे एक होत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली ती पत्रांच्या वाटणीसाठी: पहिले तीन आकडे छाननीचा जिल्हा दाखवतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस.

यावर कोणी म्हणेल, मग आकड्यांशी खेळण्यात हयात घालवणारे देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकरही चुकलेच का? मुळीच नाही. त्यांनी संख्यांबद्दल जे सांगितलं ते कोणालाही पडताळता येतं. आकड्यांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. ४४१९०२ ला २० ने भाग जात नाही, म्हणून ती हर्षद नाही. कोणत्याही संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती ‘स्वयंभू’. ४४१८७४ च्या आकड्यांची बेरीज २८. ती मिळवली की नेमके ४४१९०२ येतात, म्हणजे ही स्वयंभूही नाही. हे गुण दशमान लेखनाचे आहेत. बाराच्या पायावर लिहिली तर आकडे बदलतील, १६ विभाजक मात्र तेच राहतील. आपल्या गावाच्या पिनचेही अवयव पाडून पाहा. कोणत्याही सहा आकडी संख्येसाठी ९९७ पर्यंतच्या १६८ मूळ संख्या तपासल्या की पुरे.