गांवची आरोग्यसेविका

रोग्याला बरें करणें हें वैद्याचें काम. परंतु रोग्यानें वैद्यापर्यंत पोंचावें कसें, हा प्रश्न वैद्यकाच्या ग्रंथांत सहसा आढळत नाहीं. शहरांत दवाखाना गल्लीच्या टोंकाशीं असल्यामुळें तो फारसा जाणवतही नाहीं. दुर्गम खेड्यांत मात्र पावसाळ्यांत नाला भरला, कीं तापानें फणफणलेलें मूल आणि औषध यांच्यामध्यें एका रात्रीचें अंतर पडतें. आणि कित्येक मुलांच्या नशिबीं तेवढीही रात्र नसते.

डॉक्टर खेड्यांत पाठवावा, हें उत्तर सुचण्यास सोपें, अमलांत आणण्यास अवघड. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं नगर जिल्ह्यांत जामखेड येथें कार्य आरंभिलें, तेव्हां प्रथम परिचारिकांवर भिस्त ठेवून पाहिली. परंतु परक्या गांवांत एकटीनें राहणें त्यांना कठीण पडे, व गांवकऱ्यांचा विश्वासही लौकर बसत नसे. तेव्हां गांवांतीलच एखादी स्त्री निवडून तिलाच शिकवावें, असें ठरलें. यांतील पुष्कळजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजांतील होत्या.

त्यांच्या शिक्षणाची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. सारा अभ्यासक्रम एका दमांत उरकला जात नसे. स्त्रिया वरचेवर जामखेडला येत, थोडें शिकत, गांवीं जाऊन तें करून पाहत, आणि अडचणी घेऊन पुन्हां येत. जुलाब झालेल्या मुलास मीठ-साखरेचें पाणी कसें द्यावें, गरोदर स्त्रीची तपासणी कशी करावी, मुलाचें वजन कां करावें, हें असें पायरीपायरीनें अंगवळणीं पडे. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अल्पशिक्षित स्त्रीच्या हातीं औषध देणें धोक्याचें नव्हे काय? ही शंका रास्त आहे. तिचें उत्तर गडचिरोलींत मिळतें. तेथें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं 'सर्च' ही संस्था स्थापिली. मुलाचा श्वास जलद चालणें हें न्यूमोनियाचें मुख्य लक्षण. पण निरक्षर सुइणीनें मिनिटाचे श्वास मोजावे कसे? त्यासाठीं वाळूचें घड्याळ व रंगीत मणी जोडलेलें एक साधें साधन तयार झालें. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकला, तर रोग समजावा. दहापर्यंत मोजतां आलें, कीं पुरे.

पुढें १९९५ पासून ३९ गांवांत आरोग्यदूतांना नवजात बालकाची घरींच काळजी घेण्यास शिकविण्यांत आलें: वजन व ताप पाहणें, बाळास ऊब देणें, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणें, आणि जंतुसंसर्गाचीं ठराविक लक्षणें दिसल्यास प्रतिजैविकाचें इंजेक्शन देणें. तेथें जन्मलेल्या हजार बालकांपैकीं पूर्वीं सुमारें ६२ महिन्याच्या आंत दगावत. १९९७-९८ मध्यें ही संख्या सुमारें २५ वर आली. हे निष्कर्ष १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

या यशाचें मर्म असें, कीं तेथें कोणासही अर्धामुर्धा डॉक्टर बनविलेलें नव्हतें. मोजकेंच काम, पण तें अचूक. त्यावर नियमित देखरेख. आणि पेटींत औषध केव्हांही हजर. यांपैकीं एक गोष्ट जरी निखळली, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाहीं.

२००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें साधारणतः हजार वस्तीमागें एक 'आशा' नेमण्याचें ठरविलें. २०११ पासून नवजात बालकाच्या घरीं बेचाळीस दिवसांत सहा-सात भेटी देण्याचें कामही तिच्याकडे आलें. करोनाच्या साथींत दारोदार फिरून तिनेंच रोगी शोधले. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आशांचा गौरव केला. आणि पुढच्याच वर्षीं महाराष्ट्रांतील आशांना मोबदल्यासाठीं संप करावा लागला. कारण कागदोपत्रीं ती 'स्वयंसेविका', तिला वेतन नाहीं. मोबदल्याचा कांहीं भाग कामागणिक.

शिक्षणानें खेड्यांतील सामान्य स्त्री मुलाचे प्राण वाचवूं शकते, हें आतां सिद्ध झालें आहे. परंतु शिकविलेलें टिकावयाचें, तर शिकणाऱ्या स्त्रीचें घर चाललें पाहिजे. जामखेड व गडचिरोली यांनीं आपला पाठ पुरा केला. पुढचा पाठ समाजानें गिरवावयाचा आहे.